रेकॉर्डवाल्यांनी दाखवला मेंदू

मंडळी, कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेलं ते कुत्रं आठवतंय ना? आजोबांच्या काळातल्या काळ्या तबकड्यांवरचं? नाट्यगीतं असोत, भावगीतं असोत की कीर्तनं, गोल लेबलावर कुत्रं असायचंच. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’. आपल्याकडच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघत, पण कंपनीचं मूळ घर लंडनच्या पश्चिमेला, हेज या गावी. हीथ्रोवर उतरून आपण एलिझाबेथ लाइनने शहराकडे निघालो, की साउथॉलच्या आधी जे स्टेशन लागतं, तेच हे हेज. १९३१ साली ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया कंपनी एकत्र झाल्या आणि ‘इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज’, म्हणजे ईएमआय, असं नाव पडलं. (आपल्या पिढीला ईएमआय म्हटलं की घराच्या कर्जाचा हप्ताच आठवतो. तो हा नव्हे.)

जिवंत माणसाचा मेंदू कवटी न उघडता, सुई न टोचता पहिल्यांदा स्पष्ट दाखवणारं यंत्र या रेकॉर्डवाल्या कंपनीत तयार झालं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मँचेस्टरला एम.एससी. करून इथेच स्थिरावलेला मी एक आयटी कन्सल्टंट. काही वर्षांपूर्वी एका इस्पितळाचे क्ष-किरण विभागातले जुने फोटो नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे आलं. सीटी स्कॅनची फाइल उघडून आत पाहिली, तर चित्र म्हणजे नुसते आकडे. एका ठिपक्याला एक आकडा. पाणी शून्य, हवा उणे हजार, घट्ट हाड हजाराच्या आसपास किंवा त्याहून वर. मेंदू साधारण पंचवीस ते चाळीसच्या दरम्यान, आणि नुकतंच सांडून गोठलेलं रक्त साठ-सत्तरच्या घरात. या मापाचं नाव ‘हाउन्सफील्ड युनिट’. हे हाउन्सफील्ड कोण म्हणून शोधत गेलो, तर निघाले आपल्याच धंद्यातले! कॉम्प्युटरवाले! मग मात्र राहवेना. मिळेल ते वाचत गेलो, त्यातलं थोडं इथे मांडतो.

रॉंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये. वर्षभरात जगभर मोडलेल्या हाडांचे, शरीरात घुसलेल्या गोळ्यांचे फोटो निघू लागले. मेंदूला मात्र या किरणांचा काही उपयोग होईना. एक तर मेंदू कवटीच्या डब्यात बंद, आणि कवटीचं हाड बरेचसे किरण अडवतं. दुसरं म्हणजे मेंदू, त्यातली गाठ, त्यातलं रक्त आणि भोवतीचं पाणी हे सगळं क्ष-किरणांना जवळजवळ सारखंच. त्यातून साध्या फोटोत पुढचं-मागचं सगळं एकावर एक छापलं जातं. जाड पुस्तकाची सगळी पानं एकाच कागदावर छापली तर काय वाचता येईल? डॉक्टर मंडळी मग आडून अंदाज बांधत. मेंदूच्या मध्यावर पिनियल नावाची एक छोटी ग्रंथी असते. वयानुसार तिच्यात चुना साठतो, त्यामुळे ती फोटोत ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका मध्यरेषेवरून डावीकडे सरकलेला दिसला, की समजायचं, उजवीकडे काहीतरी वाढतंय. बस्स, एवढीच माहिती.

१९१८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या वॉल्टर डँडी या तरुण सर्जनने एक युक्ती काढली. आतड्यातला वायू क्ष-किरणाच्या फोटोत काळा दिसतो. मग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये हवा भरली तर? त्याने कवटीला भोक पाडून आतलं पाणी काढलं आणि त्या जागी हवा भरली. पुढच्याच वर्षी भोकाशिवायची पद्धत काढली: कमरेतून, मणक्यात सुई घालून पाणी थोडं थोडं काढायचं आणि तेवढीच हवा आत सोडायची. हवा वर चढते. पण ती मेंदूच्या सगळ्या पोकळ्यांत फिरली पाहिजे, म्हणून रोग्याला खुर्चीला पट्ट्यांनी बांधायचं आणि खुर्ची पुढे, मागे, प्रसंगी पूर्ण उलटी करायची. शुद्धीवर असलेल्या माणसाला! असह्य डोकेदुखी, उलट्या, घाम; आणि हवा शरीरात जिरेपर्यंत पुढे काही दिवस तसंच. एवढं सोसून हाती काय यायचं, तर मेंदू नव्हे, मेंदूतल्या पोकळीचा आकार. शेजारच्या घरात काय भरलंय हे आपल्या भिंतीला आलेल्या फुगवट्यावरून ओळखायचं, त्यातला हा प्रकार.

आणि ही पद्धत थोडीथोडकी नव्हे, पन्नासहून अधिक वर्षं वापरात होती. मला ती क्रूर वाटते, पण डँडीला दोष द्यावासा मात्र वाटत नाही. त्याच्याआधी सर्जन नुसत्या अंदाजाने कवटी उघडत आणि पुष्कळदा भलतीकडेच उघडत.

दुसरी वाट पोर्तुगालमधून निघाली. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझने गळ्यातल्या धमनीत आयोडीनचं द्रावण टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला. तिथपर्यंत पोचताना त्याचा एक रोगी दगावला होता. पण त्या फोटोत रक्तवाहिन्यांचं झाड दिसू लागलं, आणि कुठली फांदी बाजूला ढकलली गेली आहे यावरून गाठीची जागा कळू लागली. पुढे काही वर्षं या कामासाठी ‘थोरोट्रास्ट’ नावाचं द्रावण वापरलं गेलं. फोटो सुंदर यायचे. मात्र त्यात किरणोत्सर्गी थोरियम होतं आणि ते यकृतात कायमचं मुक्काम ठोकून बसायचं. त्या रोग्यांपैकी कित्येकांना वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. मोनिझला १९४९ साली नोबेल मिळालं, पण या कामासाठी नाही. ते मिळालं मेंदूचे धागे कापण्याच्या त्या कुप्रसिद्ध शस्त्रक्रियेसाठी! इतिहासाचा न्याय कधीकधी असा असतो.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटेल, म्हणून घरचं सांगतो. माझे आजोबा साताऱ्याला शाळामास्तर होते. १९७४ च्या पावसाळ्यात एका पहाटे त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. घरचे डॉक्टर आले, रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. बाबांनी विचारलं, “डॉक्टर, नेमकं काय झालंय?” डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, “मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल, नाहीतर रक्तवाहिनी फुटली असेल. दोन्हींत माणूस असाच दिसतो. यातलं कुठलं, हे मला सांगता येणार नाही.” आजोबा अकराव्या दिवशी गेले. बाबा अजूनही म्हणतात, की काय झालं होतं ते कधी कळलंच नाही. डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या वेळी साताऱ्यातच काय, जगातल्या बहुतेक शहरांत कुणालाही ते खात्रीने सांगता आलं नसतं. गुठळी आणि रक्तस्राव यांचे उपचार अगदी उलटे. एकाला रक्त पातळ करायचं, दुसऱ्याला तेच औषध म्हणजे विष.

आता हेजला परत जाऊ. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म १९१९ चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या नेवार्कचा. शेतकऱ्याच्या घरातलं पाच भावंडांतलं शेंडेफळ. लहानपणी घरी केलेल्या ग्लायडरला लटकून गवताच्या गंजीवरून उड्या मारायच्या, पाणी भरलेल्या डांबराच्या पिंपात ॲसिटिलीन घालून ते किती उंच उडतं ते बघायचं, असले उद्योग. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र सोडून कशात गती नाही. युद्धात हवाई दलात रडारचं काम शिकले, मग लंडनच्या फॅरडे हाउसमधून डिप्लोमा केला. विद्यापीठाची पदवी नाहीच. आपल्याकडच्या एखाद्या कंपनीत त्यांचा बायोडाटा एचआरच्या टेबलापलीकडे गेला नसता! ईएमआयमध्ये मात्र १९५८ च्या सुमारास ‘एमीडेक ११००’ या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटरचं काम त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं. नंतर त्यांना मोठ्या मेमरीचा एक प्रकल्प दिला गेला. तो बाजारात चालणार नाही म्हणून कंपनीने गुंडाळला आणि त्यांना सांगितलं, की दुसरं काय करता येईल याचा सवडीने विचार करा. आमच्या भाषेत, माणूस ‘बेंचवर’ बसला. आमच्याकडे बेंचवरचा माणूस नवी नोकरी शोधायला लागतो. हाउन्सफील्ड रानावनात लांब लांब फिरायला जायचे. साधारण १९६७ मध्ये त्यांच्या मनात एक प्रश्न घोळू लागला: बंद डब्यातून सगळ्या बाजूंनी किरण आरपार सोडले आणि पलीकडे किती पोचले ते मोजलं, तर डबा न उघडता आत काय आहे ते सांगता येईल का?

येईल. आपल्या मुलांना घालता येईल असं एक कोडं सांगतो. चार घरांचा चौकोन घ्या, वर दोन, खाली दोन. प्रत्येक घरात एक आकडा दडलेला आहे. वरच्या ओळीची बेरीज ८, खालच्या ओळीची ९. डाव्या उभ्या ओळीची ७, उजवीची १०. आणि वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंत तिरकी बेरीज १२. आता वरच्या डाव्या घरातून जाणाऱ्या तिन्ही बेरजा मिळवा: ८, ७ आणि १२ म्हणजे २७. यात ते घर तीनदा मोजलं गेलं, बाकीची तिन्ही एकेकदा. चारही घरांची एकूण बेरीज १७. ती वजा केली की १० उरतात, म्हणजे त्या घराची दुप्पट. तिथे ५ आहेत! बाकीची घरं मग आपोआप सुटतात. पाच, तीन, दोन, सात.

सीटी स्कॅन म्हणजे हेच कोडं. प्रत्येक किरण म्हणजे एक बेरीज: वाटेत भेटलेल्या सगळ्या घरांनी मिळून त्याला किती अडवलं. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रात डोक्याच्या एका कापाची ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० घरं होती. किरणाचा झोत डोक्यावरून सरकताना १६० मोजमापं घ्यायचा, मग सगळं यंत्र एक अंश फिरायचं आणि पुन्हा १६०. असं १८० वेळा. एकूण २८,८०० बेरजा. त्या सोडवायला माणूस बसला तर जन्म जाईल. म्हणूनच हे काम कुठल्या डॉक्टराला न सुचता कॉम्प्युटरवाल्याला सुचलं असावं, असं मला वाटतं.

सुरुवात मात्र अगदी गरिबीतली. जुन्या लेथच्या सांगाड्यावर वस्तू ठेवायची, एका बाजूला अमेरिशियमचा किरणोत्सर्गी तुकडा, दुसऱ्या बाजूला मोजणारं यंत्र. किरण इतके मंद, की एका चित्राची मोजमापं घ्यायला नऊ दिवस लागले आणि कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरला गणित सोडवायला अडीच तास. नंतर क्ष-किरणांची नळी लावल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. खाटीकखान्यातून बैलाचे मेंदू आणून त्यांवर प्रयोग चालले.

कंपनीला वैद्यकातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून हाउन्सफील्ड सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले. एका नामवंत रेडिओलॉजिस्टने त्यांना चक्रम ठरवून वाटेला लावलं. शेवटी खात्याने त्यांची गाठ विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळातल्या डॉ. जेम्स अँब्रोज यांच्याशी घालून दिली. हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. पहिली भेट फारशी रंगली नाही. हाउन्सफील्ड मितभाषी, आणि आपली कल्पना पूर्ण उलगडून सांगायला नाखूश. अँब्रोज यांनी मग त्यांच्या हाती गाठ असलेल्या मेंदूचा एक नमुना दिला. काही आठवड्यांनी हाउन्सफील्ड त्याचं चित्र घेऊन परतले. गाठ तर चित्रात होतीच, पण गाठीच्या आत जिथे रक्त सांडलं होतं, तेही दिसत होतं. अँब्रोज त्या दिवसापासून त्यांचे झाले.

१ ऑक्टोबर १९७१. ॲटकिन्सन मॉर्लेच्या तळघरात पहिली रोगी, एकेचाळीस वर्षांची एक बाई. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय. डोकं रबरी टोपीतून पाण्याच्या पेटीत धरलेलं. (रबराच्या पलीकडे पाणी, हे आलंच!) एकेका फेरीला चार-पाच मिनिटं. यंत्राजवळ कॉम्प्युटर नव्हता. मोजमापं चुंबकीय टेपवर उतरवून टेप मोटारीने शहराच्या पलीकडे हेजला नेली. दोन दिवसांनी चित्र आलं. डाव्या बाजूला पुढे गोल, काळसर, पाण्याने भरलेली गाठ. सर्जनने शस्त्रक्रिया केली आणि बाहेर येऊन सांगितलं, की गाठ चित्रात होती अगदी तशीच होती. हाउन्सफील्ड आणि अँब्रोज हे दोन गंभीर गृहस्थ, विजयी गोल मारलेल्या खेळाडूंसारखे उड्या मारत होते म्हणे.

१९७२ च्या एप्रिलमध्ये हे जाहीर झालं, ७३ मध्ये शोधनिबंध छापून आले. त्यात हाउन्सफील्ड यांनी लिहिलं, की ही पद्धत नेहमीच्या क्ष-किरणापेक्षा सुमारे शंभरपट संवेदनशील आहे. त्याच वर्षी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये यंत्र बसलं. आणि पन्नास वर्षं चाललेली ती उलटी-सुलटी खुर्ची जेमतेम दहा वर्षांत अडगळीत गेली.

आता थोडं त्यांच्याबद्दल, ज्यांची नावं सहसा घेतली जात नाहीत. लॉस एंजेलिसचे न्यूरॉलॉजिस्ट विल्यम ओल्डेनडॉर्फ यांना ती हवा भरायची तपासणी मनापासून नावडती. १९६१ मध्ये त्यांनी मुलाच्या खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ, ग्रामोफोनची फिरती थाळी आणि खिळे ठोकलेला प्लॅस्टिकचा ठोकळा घेऊन हीच कल्पना करून दाखवली. पेटंटही मिळवलं. एका क्ष-किरण यंत्राच्या कंपनीने कळवलं, की नुसत्या डोक्याच्या आडव्या कापाचा फोटो काढायला एवढं महाग यंत्र कोण घेणार? ॲलन कॉरमॅक हे केपटाउनचे भौतिकशास्त्रज्ञ. यांनी गणित सोडवून १९६३ आणि ६४ मध्ये छापलं. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागवणाऱ्यांत एक होती स्वित्झर्लंडमधली हिमकडे कोसळण्याचा अभ्यास करणारी संस्था! १९७९ चं वैद्यकाचं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना विभागून मिळालं. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. ओल्डेनडॉर्फ राहून गेले.

आणि एक आपला माणूस. जी. एन. रामचंद्रन, जन्म एर्नाकुलमचा, कर्मभूमी मद्रास आणि बंगळूर. कोलॅजेनची तिपेडी रचना सांगणारे तेच. १९७१ साली, म्हणजे विंबल्डनचा पहिला स्कॅन झाला त्याच वर्षी, त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. या बेरजांवरून चित्र उभं करायची एक नवी, झटपट रीत त्यात होती. हाउन्सफील्ड यांची पद्धत म्हणजे अंदाज करा, चूक मोजा, दुरुस्त करा, पुन्हा अंदाज करा. रामचंद्रन यांची एकाच दमात उत्तराला पोचणारी. पुढची जवळपास चाळीस वर्षं जगभरातले स्कॅनर याच घराण्याच्या रीतीने चालले. ती गाळणी आजही दोघांच्या नावांवरून ‘रॅम-लॅक’ म्हणून ओळखली जाते. एका सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मी हा शब्द पाहिला होता, पण तो रामचंद्रन-लक्ष्मीनारायणन यांचा संक्षेप असेल हे मनातही आलं नव्हतं. गंमत म्हणजे २००९-१० च्या सुमारास कॉम्प्युटर इतके वेगवान झाले, की हाउन्सफील्ड यांची अंदाज-दुरुस्तीची जुनी रीत नव्या रूपात परत आली. तिच्यामुळे कमी किरणांत चित्र निघतं.

इथल्या गप्पांत एक गोष्ट नेहमी ऐकू येते, की बीटल्सच्या रेकॉर्ड खपल्या, त्या पैशांतून ईएमआयने सीटी स्कॅन बनवला. बीटल्स ईएमआयचे होते हे खरं. पण २०१२ मध्ये दोघा संशोधकांनी हिशेब तपासले, तेव्हा या कामावर कंपनीपेक्षा सरकारी आरोग्य खात्याने कितीतरी पट अधिक खर्च केल्याचं दिसलं. म्हणजे स्कॅनरचे पैसे मुख्यतः करदात्यांनी भरले. गोष्ट कमी रंगतदार होते खरी. पण दर महिन्याला पगारातून कर कापला जाताना मला हीच गोष्ट जास्त आवडते. कंपनीला मात्र हे यश पचलं नाही. मोठमोठ्या अमेरिकन कंपन्या उतरल्या, स्पर्धेत ईएमआय तोट्यात गेली, आणि हाउन्सफील्ड यांना नोबेल मिळालं त्याच सुमारास थॉर्नने तिला विकत घेतलं. स्कॅनरचा धंदाही लवकरच विकला गेला.

एमआरआयची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे, इथे एकच आकडा देतो. १९८१ मध्ये लंडनच्याच हॅमरस्मिथ इस्पितळात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या दहा रोग्यांचे मेंदू दोन्ही यंत्रांनी तपासले. सीटीत १९ डाग दिसले. एमआरआयमध्ये ते तर दिसलेच, वर आणखी ११२.

पण दिसणं आणि बरं करणं यांत बरंच अंतर होतं. पक्षाघाताच्या बाबतीत तर सीटी आल्यावरही वीसेक वर्षं डॉक्टर फक्त ‘गुठळी आहे’ एवढंच सांगू शकत, करता काही येत नसे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवलं, की गुठळी विरघळवणारं टीपीए हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांत दिलं, तर अधिक माणसं पुन्हा आपल्या पायांवर उभी राहतात. अट एकच: आधी सीटी काढून रक्तस्राव नाही याची खात्री करायची. पुढे २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पहिल्या काही तासांत गुठळीचा पक्षाघात सीटीत बहुधा दिसतच नाही, चित्र स्वच्छ येतं. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ ऐकून नातेवाईक निर्धास्त होतात. डॉक्टर मात्र त्याच स्वच्छ चित्राच्या आधारावर इंजेक्शन देतात.

त्याच काळात रेडिओलॉजिस्ट नुसते फोटो वाचणारे राहिले नाहीत. गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरने लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली फुगलेल्या रक्तवाहिनीच्या फुग्यात जांघेतून नेलेल्या बारीक नळीने प्लॅटिनमचं वेटोळं सोडलं. कवटी उघडायची गरजच नाही. ऑक्सफर्डहून चालवलेल्या २,१४३ रोग्यांच्या चाचणीचे आकडे २००२ मध्ये आले. वर्षाअखेर मृत किंवा परावलंबी झालेले, शस्त्रक्रियेच्या गटात ३०.६ टक्के, वेटोळ्याच्या गटात २३.७ टक्के. मग २०१५ च्या जानेवारीत नेदरलँड्सची चाचणी आली. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तशाच नळीने ओढून काढलेल्यांपैकी ३२.६ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे जगत होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांनी १९.१ टक्के. २०१८ पासून तर स्कॅनमध्ये वाचण्याजोगा मेंदू शिल्लक दिसला, तर निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही हे करतात. तरी घाई हवीच. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, की उपचाराविना मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

२०१९ मध्ये माझी पुण्याची मावशी, वय एकाहत्तर, जेवता जेवता घास तोंडातून सांडायला लागला. मावसभावाने मला फोन लावला तो गाडी चालवतानाच, स्पीकरवर. इथे दुपारचे चार, मी मीटिंगमध्ये. इस्पितळात डॉक्टरांचा पहिला प्रश्न रक्तदाबाचा नव्हता की साखरेचा नव्हता. “शेवटचं नीट कधी बोलत होत्या?” भावाच्या बायकोला नेमकं आठवत होतं: बातम्या सुरू झाल्या तेव्हा, साडेआठ. नऊ वाजून पन्नासला स्कॅन झाला. रक्तस्राव नाही. दहा-दहाला इंजेक्शन. मावशीचा डावा हात अजून थोडा जड आहे, पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मला बोलू देत नाही! बाबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी वेळा पुन्हा पुन्हा विचारल्या. नऊ-पन्नास म्हणजे किती मिनिटांत? आणि यंत्राने ते लगेच सांगितलं? लगेच?

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडे एकटे असतात. त्यांच्या घराजवळ रात्रीही चालू असलेला सीटी स्कॅन कुठे आहे, तेवढं शेजाऱ्यांना ठाऊक असलेलं बरं. मोठ्या शहरात यंत्रं पुष्कळ, पण रात्री दोन वाजता चित्र वाचायला अनुभवी डोळा असेलच असं नाही. तिथे आता आमच्या धंद्यातली मंडळी पुन्हा घुसली आहेत. मुंबईच्या एका कंपनीने भारतातल्या वीसेक केंद्रांतले ३,१३,३१८ डोक्यांचे स्कॅन वापरून रक्तस्राव ओळखणारा प्रोग्राम तयार केला. २०१८ मध्ये तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. माझं मत विचाराल, तर शंका आलेला स्कॅन रांगेत वर आणायला असा प्रोग्राम उत्तम. निदानावर सही मात्र डॉक्टरचीच हवी. प्रोग्राम लिहिणारे किती घाईत असतात हे मी रोज बघतो.

हाउन्सफील्ड २००४ च्या ऑगस्टमध्ये गेले. लग्न केलं नाही, सर झाले तरी रानात फिरणं सोडलं नाही. लेथच्या सांगाड्यावरचं ते पहिलं यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. हेजच्या कारखान्याच्या आवारात आता घरं आणि ऑफिसं झाली आहेत, नाव मात्र ‘ओल्ड व्हायनल फॅक्टरी’. ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळ २००३ मध्ये विंबल्डनहून टूटिंगच्या सेंट जॉर्जेसमध्ये हललं, आणि कॉप्स हिलवरच्या जुन्या इमारतीत आता फ्लॅट आहेत. मागच्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन मुद्दाम तिथे गेलो होतो. दारातल्या गृहस्थांनी तळघर दाखवायला नम्रपणे नकार दिला. तिथे आता गाड्या उभ्या करतात म्हणाले.